शोधणारा ओळखीचा असेल तर

ग्रंथालयाचा सगळा कारभार एका गृहीतावर चालतो: पुस्तक शोधायला येणारा माणूस अनोळखी आहे. त्याने ते पुस्तक कधी हातात धरलेलं नाही, ते जाड आहे की बारीक हे त्याला ठाऊक नाही, मुखपृष्ठावर काय आहे ते माहीत नाही. त्याच्याकडे फार तर लेखकाचं नाव असतं, नाहीतर विषय. एवढ्या भांडवलावर त्याला हजारो पुस्तकांतून नेमक्या फळीपर्यंत आणून सोडायचं, तर क्रमांक लागतात, तक्ते लागतात, कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या लागतात. घरी हे गृहीतच उलटं होतं. घरी पुस्तक शोधणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याने ते आणलं, वाचलं किंवा वाचायचं म्हणून ठेवून दिलं. त्यामुळे घरची पुस्तकं कशी लावावीत यावरचे सल्ले (विषयवार, अकारविल्हे, रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे) वाचताना मला वाटतं, की आधीचा प्रश्न राहूनच गेलाय. शोधणार कोण, आणि त्याच्या डोक्यात ते पुस्तक कशाला धरून राहिलंय?

तरी ग्रंथालयाची नक्कल करून बघायचा मोह होतोच. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली आपली दशांश वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली; ती पहिली आवृत्ती अवघ्या ४४ पानांची होती. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचेही पुन्हा दहा. ५०० म्हणजे विज्ञान, ८०० साहित्य, ९०० इतिहास आणि भूगोल. कागदावर फार देखणी गोष्ट. पण मराठी वाचकाने ती घरच्या कपाटाला लावून बघावी. इंग्रजी साहित्याला त्यात ८२० पासूनचा अख्खा गट मिळालाय आणि मराठी साहित्य आहे ८९१.४६ वर, दशांश चिन्हाच्या पलीकडे. पुढे कवितेला १, नाटकाला २, कथा-कादंबरीला ३ असा आणखी एक आकडा लागतो. म्हणजे ज्या घरात भिंतभर मराठी कथा-कादंबऱ्या आहेत, तिथे भिंतभर एकच चिठ्ठी: ८९१.४६३. धर्माच्या २०० च्या वर्गातही तोच प्रकार. बरीचशी जागा ख्रिस्ती धर्माने व्यापलेली आणि बाकीचे बहुतेक धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसवलेले.

यात ड्यूईचा फार मोठा दुष्टपणा शोधायची गरज नाही. त्याच्यापुढे जी पुस्तकं होती त्यांच्या मापाने त्याने खण पाडले. घरी आपल्यालाही तेच करायचंय. कुणाकडे बागकामाची पुस्तकं दोन फळ्या भरून असतील, तर बागकाम हा मुख्य वर्ग आणि सगळ्या जगाचा इतिहास त्याच्या शेजारी अर्ध्या फळीत. यात संकोच कशाला?

ड्यूईपेक्षा मला एस. आर. रंगनाथन जवळचे वाटतात. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेला. तिथे एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहून त्यांना आपल्या पद्धतीची कल्पना सुचली, असं ते स्वतः सांगत. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की दरवेळी नवी वस्तू. विषयांचंही तसंच, ते तयार कप्प्यांत बसत नाहीत, ते सुट्या पैलूंनी जोडावे लागतात. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू पद्धत आली. तिच्यात प्रत्येक विषयाकडे पाच अंगांनी बघतात: मुख्य वस्तू कोणती, ती कशाची बनलेली, तिच्यावर कोणती क्रिया होते, कुठे आणि कधी.

हे वाचल्यावर माझ्या एका जुन्या अडचणीला नाव मिळालं. दुष्काळावरचं एखादं पुस्तक घ्या. ते इतिहासात ठेवायचं, शेतीत, अर्थशास्त्रात की हवामानात? पैलूंच्या हिशेबाने ते चारही ठिकाणी आहे. पण पुस्तकाला अंग एकच असतं आणि ते एकाच फळीवर उभं राहू शकतं. मोठ्या ग्रंथालयांत यावर एक साधा उपाय पूर्वीपासून आहे: पुस्तक जिथे नाही, पण कुणी शोधू शकेल, तिथे त्याच्या नावाचा लाकडी ठोकळा किंवा पुठ्ठा उभा करायचा. मी तो उचललाय. वहीचं मागचं जाड पुठ्ठ्याचं पान पुस्तकाच्या उंचीपेक्षा बोटभर उंच कापायचं, वरच्या कडेला पेन्सिलीने लिहायचं, ‘दुष्काळ – शेतीत बघ, खालून दुसरी फळी’, आणि इतिहासाच्या पुस्तकांत उभं सरकवून द्यायचं. पेन्सिलच हवी, कारण पुस्तकं फिरतात. असे पुठ्ठे फार झाले तर फळीला बसथांब्याची कळा येते. तेव्हा जिथे आपण खरोखर चुकतो तिथेच ते लावावेत.

अकारविल्हे लावणं सोपं वाटतं, पण ते सुरुवात करेपर्यंतच. पहिलाच प्रश्न: आडनावाने की नावाने? ग्रंथालय सांगतं, आडनावाने. पण पु. ल. देशपांड्यांचं पुस्तक ‘द’ मध्ये शोधायला जाणारा मराठी वाचक मी अजून पाहिलेला नाही. तो ‘प’ मध्ये जातो, कारण डोक्यात ते ‘पुलं’ म्हणून बसलेत. जी. ए. कुलकर्णी ‘ज’ मध्ये. आपण लेखकांना आद्याक्षरांनी हाका मारणारी माणसं आहोत, तर फळीवरही त्याच हाकेने लावावं, हे माझं पक्कं मत आहे. शिवाय आडनावाने लावायला गेलं तर देशपांडे, कुलकर्णी, जोशी यांचेच इतके लोंढे येतात, की आडनाव कळून पुढे काही उपयोग होत नाही.

मग टोपणनावं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं आपल्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून. त्यांना एकत्र ठेवावं की त्यांनीच केलेली वाटणी पाळावी? वि. वा. शिरवाडकरांची नाटकं आणि ‘कुसुमाग्रज’ यांच्या कविता यांचंही तेच. मला ही वाटणी पाळाविशी वाटते. कवितेच्या तंद्रीत असलेल्या माणसाला कुसुमाग्रजच हवे असतात, त्या वेळी तो शिरवाडकरांकडे वळत नाही. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे आणि कुसुमावती देशपांडे हे नवरा-बायको. आडनावाचा नियम लावला तर ते एका फळीवर येतात, टोपणनावाचा लावला तर अनिल थेट पहिल्या फळीवर जाऊन बसतात. इथे मी नियम मोडलाय आणि दोघांना शेजारी ठेवलंय. घरच्या कपाटाची एवढी तरी चैन असावी.

जोडाक्षरांचा घोळ निराळाच. शाळेच्या मुळाक्षरांच्या तक्त्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अगदी शेवटी येतात, म्हणून माझा हात ‘क्ष’साठी खालच्या फळीकडे जातो. संगणक मात्र ‘क्ष’ ला क आणि ष यांचं जोडाक्षर समजतो आणि ‘क’ मध्ये घालतो. यादी संगणकावर करून त्या क्रमाने पुस्तकं लावली, की क्षीरसागर कुठे गेले म्हणून शोधाशोध सुरू.

आता रंगाविषयी. कण्यांच्या रंगांप्रमाणे लावलेली इंद्रधनुष्यी कपाटं फोटोंत बघून मी बरीच वर्षं नाकं मुरडली. हा पुस्तकांचा अपमान आहे वगैरे. पण घरातली माणसं प्रत्यक्षात पुस्तक कसं मागतात ते ऐकावं. ‘अगं, ते निळं, जाडसं, कोपऱ्यावर होडी आहे ते कुठे आहे?’ नवऱ्याला लेखकाचं नाव आठवत नाही, पुस्तकाचंही अर्धंच आठवतं, पण होडी आठवते. माझ्या पहिल्या प्रश्नाच्या कसोटीला रंग हा तसा उतरतोच. माणसाच्या डोक्यात पुस्तक पुष्कळदा रंगाला धरून राहतं. माझा आक्षेप आता वेगळा आहे. रंग टिकत नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर छपाईतला लाल-गुलाबी आणि पिवळा रंग आधी उडतो आणि निळा सगळ्यांत मागे राहतो. त्यामुळे भगवा कणा मळकट पिवळट होतो, जांभळा निळसर होतो आणि आठवणीतलं लाल पुस्तक शोधणारा माणूस त्याच्यापुढून दोनदा निघून जातो. दुसरं म्हणजे लेखकाच्या चार पुस्तकांना चार प्रकाशकांनी चार रंग दिलेले असतात. तेव्हा रंगाने लावायचंच असेल तर एखादी फळी लावावी, आणि ती उन्हापासून लांबची.

आठवणीला रंगापेक्षाही घट्ट धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे जागा. याचं मला माहीत असलेलं सर्वांत मजेशीर उदाहरण सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं आहे. सर रॉबर्ट कॉटन यांच्या हस्तलिखितांच्या खोलीत कपाटांवर रोमन सम्राटांचे आणि काही राण्यांचे अर्धपुतळे होते, आणि हस्तलिखिताचा पत्ता म्हणजे कुठल्या पुतळ्याखाली, कितव्या फळीवर, कितवं. ‘नीरो डी चार’ म्हणजे नीरोच्या कपाटातली चौथी फळी, तिच्यावरचं चौथं. विषय नाही, लेखक नाही, भाषा नाही. तो संग्रह पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. ती कपाटं तिथे नाहीत, पुतळे नाहीत. अभ्यासक मात्र आजही हस्तलिखित मागवताना नीरो आणि व्हिटेलियस या सम्राटांचीच नावं लिहितात. घरी आपण हेच बोलतो: ‘घड्याळाच्या खालच्या कप्प्यात, डावीकडे’. घड्याळ कधीच दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं, तरी तो कप्पा घड्याळाखालचाच राहतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. चांगली लागलेली फळी, मग ती कुठल्याही तर्काने का लागलेली असेना, साफसफाईच्या निमित्ताने उगाच उलटीपालटी करू नये. जागा पाठ झालेली असते. पुसायला काढताना आधी फोनवर फळीचा फोटो काढावा आणि त्याप्रमाणे परत लावावी.

आबी वार्बुर्ग याने मात्र आयुष्यभर नेमकं उलटं केलं. हॅम्बुर्गमधला हा कला-संस्कृतीचा अभ्यासक डोक्यात नवा विचार आला की पुस्तकं हलवायचा. त्याचा ‘चांगल्या शेजाऱ्याचा नियम’ प्रसिद्ध आहे: आपण जे पुस्तक घ्यायला फळीपाशी जातो, त्यापेक्षा आपल्याला खरं लागणारं पुस्तक त्याच्या शेजारी असतं, आणि कपाट असं लावावं की तो शेजारी तिथे हजर असेल. त्यामुळे त्याच्याकडे ज्योतिषाशेजारी खगोलशास्त्र आणि जादूटोण्याशेजारी वैद्यक उभं असणं ही चूक मानली जात नसे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये सुमारे साठ हजार पुस्तकांचा हा संग्रह जहाजांनी लंडनला हलवला गेला, आणि तिथल्या विद्यापीठात तो आजही प्रतिमा, शब्द, दिशा आणि कृती अशा चार मजली विभागणीत लागलेला आहे.

हे सगळ्या घराला झेपणार नाही. पण एक फळी या नियमाने लावून बघण्यासारखी आहे. माझ्या फळीवर एकमेकांचं न पटणारी पुस्तकं आहेत: धरणाच्या बाजूने लिहिलेलं आणि धरणाविरुद्ध लिहिलेलं, एकाच घराण्याची हकिगत दोन माणसांनी आपापल्या परीने सांगितलेली दोन पुस्तकं, एक कादंबरी आणि तिला चिडून उत्तर म्हणून लिहिलेली दुसरी. यांतलं एखादं काढायला गेले की दुसरं हातात येतंच. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. या फळीवर मी ते पाळत नाही.

आकाराने पुस्तकं लावणाऱ्यांना हसायचं असेल तर आधी सॅम्युएल पेप्सची आठवण ठेवावी. सतराव्या शतकातल्या लंडनचं चित्र ज्याच्या रोजनिशीमुळे आपल्यापर्यंत आलं, त्या पेप्सने आपली तीन हजार पुस्तकं सर्वांत लहानापासून सर्वांत मोठ्यापर्यंत क्रमांक देऊन लावली. फळीवरच्या रांगेची वरची रेघ सरळ दिसावी म्हणून बुटक्या पुस्तकांच्या पायाखाली त्याने लाकडी ठोकळे बसवले, तेही बांधणीशी जुळतील असे सजवलेले. ती पुस्तकं केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात अजून त्याच्याच कपाटांत आहेत. हे शोभेचं वेड म्हणून सोडून देता येईल, पण पेप्सकडे पुस्तकांच्या नीट केलेल्या याद्या होत्या. यादी असेल तर फळीवरचा क्रम कसलाही चालतो. यादी नसेल तर क्रमालाच यादीचं काम करावं लागतं.

आणि आकाराला आणखी एक बाजू आहे, वजनाची. ती कुणाच्या वर्गीकरणात नसते, पण फळीला ती कळते. सारख्याच दाटीने पुस्तकं भरली तर फळीचा मधला झोक, म्हणजे ती मध्ये जेवढी खाली वाकते ते, लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६० सेंटिमीटरची फळी ९० ची केली, तर लांबी दीडपट होते आणि झोक सुमारे पाचपट. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठपट कमी होतो. भुशाच्या दाबलेल्या फळ्या तर एकदा वाकल्या की पुस्तकं काढली तरी पूर्ण सरळ होत नाहीत. म्हणून शब्दकोश, नकाशांची पुस्तकं, गुळगुळीत कागदाचे चित्रग्रंथ यांनी वर्गीकरण काहीही म्हणो, खाली जावं. आणि मधल्या फळीवर ठेवायचेच झाले तर टोकांना, आधारांजवळ. मधल्या भागात हलके कवितासंग्रह. कवितासंग्रहांची आणखी एक अडचण असते. पुष्कळ संग्रह इतके बारीक असतात, की कण्यावर नाव छापायला जागाच नसते. ते दोन जाड पुस्तकांमध्ये शिरले की गेले. त्यांना वेगळा, अरुंद कप्पा द्यावा, किंवा पेटीत पुढून मागे उभे लावावेत, म्हणजे मुखपृष्ठं चाळता येतात.

पुस्तक काढायची पद्धत हीसुद्धा रचनेचाच भाग आहे, कारण गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक नीट निघतच नाही. बहुतेक माणसं कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढतात. तिथलं कापड किंवा कागद आधी ढिला होतो, मग चिरतो, मग कणा सुटतो. त्याऐवजी शेजारची दोन्ही पुस्तकं थोडी आत ढकलावीत, मधल्या पुस्तकाची कडा मोकळी होते, ती दोन्ही बाजूंनी मध्यावर पकडून ओढावी. दोन्ही शेजारी आत सरकायला मागे जागा हवी. म्हणून पुस्तकं भिंतीला चिकटवून लावू नयेत. बाहेरच्या भिंतीलगतचं कपाट असेल तर हे दोन बोटांचं अंतर ओल आणि कसर यांच्यासाठीही बरं. कसरीला दमटपणा लागतो आणि जुन्या बांधणीतली खळ तिला फार आवडते. फळी अर्धी रिकामी असेल तर पुस्तकं तिरकी कलतात आणि कणा पिळतो. तेव्हा टेकण लावावं किंवा उरलेली पुस्तकं आडवी रचावीत.

दुहेरी रांगेबद्दल थोडक्यात. मागची रांग म्हणजे विस्मरण, हे खरं आहे, पण जागा सगळ्यांनाच कमी असते. मी मागे त्याच लेखकाची वाचून झालेली पुस्तकं ठेवते ज्याची पुढे न वाचलेली आहेत. मागे काय आहे ते पुढच्यावरून कळतं, आणि मागच्या रांगेखाली पेप्ससारखा एक लाकडी ठोकळा घातला की माथेही दिसतात.

यादी करायचीच तर संगणकावरच्या तक्त्यात हाताने करावी. पुस्तकामागच्या पट्ट्या फोनने वाचून आपोआप यादी करणारी अ‍ॅप आहेत, पण त्यांना आयएसबीएन लागतो. तो पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १९७० मध्ये आला, तेरा आकड्यांचा झाला तो २००७ पासून, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. असला तरी बरेचदा अ‍ॅपला पुस्तक सापडत नाही, किंवा रोमन लिपीत भलत्याच स्पेलिंगने सापडतं. तक्त्यात नाव, लेखक, फळी आणि एक रकाना ‘कुणाकडे’, एवढं पुरतं. शेवटचा रकाना सर्वांत जास्त वापरला जातो.

शोधणारा ओळखीचा, असं मी म्हटलं खरं. पण घरात तो एकटा नसतो. लहान मूल असेल तर सर्वांत खालची फळी त्याची, आणि तिथे शक्य तितकी पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला कणा हा नुसता रंगीत पट्टा असतो. नवऱ्याचा आणि माझा वाद चरित्रांवरून आहे. त्याचं म्हणणं, गणितज्ञाचं चरित्र गणितात, गायकाचं संगीतात. मला चरित्रं एकत्र हवीत, ज्याचं चरित्र आहे त्याच्या नावाच्या क्रमाने. कारण मला गणितासाठी ती वाचायची नसतात, माणसं कशी जगली ते बघायचं असतं. ग्रंथालयंही यावर एकमताची नाहीत. काही चरित्रांची वेगळी फळी करतात, काही ती विषयांत वाटून टाकतात. त्यामुळे मी एखादं चरित्र चरित्रांत आणते, काही दिवसांनी ते पुन्हा गणितात दिसतं. आत्मचरित्रांवर मात्र आमचा तह झालाय. लेखकांची आत्मचरित्रं त्यांच्या बाकीच्या पुस्तकांशेजारी, आणि बाकी सगळ्यांची माझ्या फळीवर. राजकारण्यांची अजून खोक्यात आहेत.